गळका लंगोट

माझा नवरा प्लंबर आहे. कुणाच्या भिंतीला ओल आली की तो नुसता हात फिरवून सांगतो, पाणी नेमकं कुठून येतंय. बिल्डिंगच्या बिल्डिंगा त्याने कोरड्या केल्या आहेत. आणि अशा माणसाच्या पोटच्या पोराचा लंगोट गळत होता आणि त्याला कारण सापडत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पोराचं घरातलं नाव ढोल्या. सात महिन्यांचा होता तेव्हा, मांड्यांना वळ्या, गाल असे की मान शोधावी लागे. स्वभावाने मात्र गरीब. रडायचा फक्त ओलं झाल्यावर, आणि दिवसाचा निम्मा वेळ तो ओलाच असायचा.

आधी आम्ही तयार डायपरच वापरत होतो. स्वस्तातले आणले तर त्याच्या ढुंगणावर लालभडक पुरळ उठलं. महागातले आणले, पुरळ गेलं, आणि त्याच्या मागोमाग महिनाअखेरचा भाजीपालाही गेला. "तुझा निम्मा पगार याच्या बुडाखाली जाणार," नवरा म्हणाला, "मग कामावर जातेस कशाला?" बोलला तो चेष्टेनेच. पण काही चेष्टा काट्यासारख्या असतात, बोलणारा विसरतो आणि ऐकणारी लंगडत राहते.

कारण मला कामावर जायचं होतं. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. फ्रेमच्या मापाने काच घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, तिळाएवढा स्क्रू चिमट्याने धरून एका फटक्यात बसवायचा. माझी खुर्ची खिडकीजवळ आहे, उजेड बरोबर डाव्या खांद्यावरून येतो. मालकांनी ती खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती, पण कायमची नाही. "एक तारखेला आलीस तर खुर्ची तुझी," ते म्हणाले होते. "नाही आलीस तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. राग मानू नकोस." राग कसला मानणार? दुकान त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं. मला फक्त ती खुर्ची हवी होती.

घरी ढोल्याला सांभाळायला कोणी नव्हतं. नवरा सकाळी पान्यांची पिशवी घेऊन बाहेर पडायचा. सासूबाई एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत कामाला. सकाळची पाळी करून दुपारी घरी यायच्या, पण पुढे कधी कुठली पाळी लागेल त्याचा नेम नसायचा. राहिलं गल्लीच्या टोकाचं पाळणाघर. तिथल्या ताई भल्या, पण नियमाला पक्क्या. "लंगोट कापडाचा घाला नाहीतर सोन्याचा घाला," त्या म्हणाल्या, "माझी गादी भिजता कामा नये. एकाच गादीवर तीन-तीन पोरं झोपतात माझ्याकडे. आठवडाभर थोडा वेळ आणून सोडा. जमलं तर ठीक, नाहीतर महागातले तयार डायपर घेऊन या."

म्हणजे सगळं त्या एका लंगोटावर येऊन थांबलं. तो कोरडा राहिला तर मी खुर्चीवर, गळला तर मी घरी.

लंगोटांची पिशवी मला आमच्या दुकानाच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी दिली होती, अगदी थोडक्या पैशांत. त्या शाळेत शिकवायच्या. त्यांची धाकटी आता शी-शू सांगायला लागली होती, तिला लंगोट नको होते. बाहेरून पाणी न झिरपणारी चड्डी, तिला पोराच्या वाढीप्रमाणे सैल-घट्ट करायला टिचबटणं, आणि आत खोचायला जाड सुती घड्या. घरी असताना घडी वापरायची, धुवायची, पुन्हा वापरायची. लांब कुठे जायचं असेल तर घडीच्या जागी फेकून द्यायचा पॅड ठेवायचा, चड्डी तीच. याला हायब्रीड म्हणतात असं बाईंनी सांगितलं.

"हायब्रीड बियाणं ऐकलं होतं," नवरा चड्डी उलटसुलट करत म्हणाला. "हायब्रीड लंगोट पहिल्यांदाच बघतोय. याला पीक कसलं येतं?"

"ते तुझ्या पोराला विचार," मी म्हटलं.

सासूबाईंनी एक घडी उचलून दोन बोटांत चोळून पाहिली. कापड दिसलं की त्या चोळणारच. त्यांचं सगळं आयुष्य टॉवेल धुण्यात गेलेलं. त्या हॉटेलात त्यांना टॉवेलवाली मावशीच म्हणतात. त्यांच्या हातचा टॉवेल इतका मऊ असतो की पाहुणे जाताना तो बॅगेत भरून नेतात, आणि चोरी झाली म्हणून सासूबाईंना मनातून आनंद होतो.

"खरखरीत आहे गं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "वर्षाचा तरी होऊ दे ना त्याला. एवढी घाई काय आहे?"

ते वाक्य मी मनात गाठ मारून ठेवलं.

पहिले काही दिवस घड्या मी स्वतः धुतल्या. लंगोट झकास चालले. दोन-दोन तास पोरगं कोरडं ठणठणीत. मी इतकी हरखले की नवऱ्याला चड्डीच्या आत हात घालून बघायला लावलं. त्याने बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "कुठेही ओल नाही. बिल द्या." पुरळसुद्धा उतरायला लागलं. मी दुकानात फोन करून सांगूनही टाकलं, एक तारखेला येते.

मग सासूबाई म्हणाल्या, "धुणं माझ्याकडे दे. तुझे हात काचेचं काम करणारे. साबणात भिजवून भिजवून त्यांची सालं काढू नकोस." दुपारी त्या आल्या की मला म्हणायच्या, जा, पोराशेजारी आडवी हो. मी आडवी व्हायचे, ती थेट संध्याकाळी उठायचे. मागच्या गॅलरीत घड्या वाळत पडलेल्या असायच्या, काठाला काठ जुळवून, हॉटेलात असतात तशा. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, आपल्यालाही कुणीतरी जपतंय असं वाटायचं.

आणि लंगोट गळायला लागले.

आधी थोडेसे, मांडीच्या कडेला. मग पाठीमागून. मग असे की घडी वरून जवळजवळ कोरडी आणि पोराचे कपडे, दुपटं, माझी साडी सगळं चिंब. नवऱ्याने आपली सगळी विद्या पणाला लावली. "पाणी नेहमी जोडातूनच गळतं," असं म्हणून त्याने मांडीचं इलॅस्टिक घट्ट केलं. ढोल्याच्या मांडीवर वळ उठले आणि लंगोट गळतच राहिला. मग त्याला वाटलं, चड्डीला कुठेतरी बारीक भोक असणार. त्याने प्रत्येक चड्डी नळाखाली पाण्याने भरून टांगली. गॅलरीत सात रंगीत पखाली लोंबत होत्या आणि हा खाली उकिडवा बसून थेंबाची वाट बघत होता. एकही थेंब पडला नाही. "चड्डीत दोष नाही," तो म्हणाला. "दोष पोरात असणार. प्रेशर जास्त आहे."

मला हसू आलं नाही. पाळणाघराचा आठवडा सुरू झाला होता. पहिल्या दिवशी ताईंनी गादीवरची चादर बदलली. दुसऱ्या दिवशी गादी उन्हात टाकलेली दिसली. त्याच्या पुढच्या दिवशी ढोल्याला माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "हे बघा, मुलगा गोड आहे. मांडीवर घेतला की हसतो. पण माझ्याच्याने होत नाही. सोमवारी अजून एकदा आणा. सोमवारी गादी भिजली तर मात्र तयार डायपर, नाहीतर दुसरीकडे बघा."

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या घड्यांच्या ढिगावर हात फिरवत होत्या. "होईल गं नीट," म्हणाल्या. "आणि नाहीच झालं तर राहशील थोडे दिवस घरी. आभाळ कोसळतंय का?"

त्या हे सहज बोलल्या की मुद्दाम, ते मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं की माझं आभाळ कोसळत होतं आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ढोल्याला कडेवर घेऊन दुकानात गेले, मालकांकडे आणखी काही दिवस मागायला. मालक गिऱ्हाइकात होते. माझ्या खुर्चीवर काउंटरवरची मुलगी बसली होती आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना महागातली काच दाखवत होती. त्या काचेवर लेप असतो. तो दाखवायची आमची एक ठरलेली पद्धत आहे, मी स्वतः ती कितीतरी वेळा केली आहे. काच आडवी धरायची, वर पाण्याचा थेंब टाकायचा. साध्या काचेवर थेंब पसरतो. लेपाच्या काचेवर तो मण्यासारखा गोल उभा राहतो, आणि काच जराशी तिरकी केली की घरंगळून जातो. "बघा," मुलगी म्हणाली, "पाणी धरतच नाही."

मी तो थेंब घरंगळताना बघितला आणि मालकांना न भेटताच घरी आले.

पिशवीच्या तळाशी एक घडी तशीच राहिली होती, आमच्याकडे न धुतलेली. ती ओट्यावर ठेवली. शेजारी वाळलेल्या ढिगातली एक ठेवली. दोन्हींवर चमच्याने पाणी टाकलं. न धुतलेल्या घडीने पाणी गटकन पिऊन टाकलं. धुतलेल्या घडीवर ते मणी होऊन उभं राहिलं. मी घडी तिरकी केली. पाणी घरंगळलं आणि माझ्या पायावर पडलं.

मागच्या गॅलरीत बादलीचा आवाज येत होता. सासूबाई कामावरून आल्या होत्या, घड्या खळबळून झाल्या होत्या, आणि बादलीशेजारी निळ्या झाकणाची पांढरी बाटली होती. कपडे मऊ करायचं सॉफ्टनर. त्याचा वास मला आधीच यायला हवा होता. पण तो वास या बाईच्या अंगाला कायमचाच आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दुपारी दार उघडलं की तो वास आत येतो आणि मग सासूबाई येतात. मी तो वास त्यांचाच समजत होते.

माझं डोकं असं तापलं की कानशिलं उडायला लागली. वर्षाचा होऊ दे, आभाळ कोसळतंय का, सगळी वाक्यं एका माळेत ओवली गेली. माझ्या तोंडात शब्द तयार होते: तुम्हाला मी कामावर गेलेली नकोच होती ना?

"आई, हे काय आहे?" मी बाटलीकडे बोट दाखवलं.

त्या दचकल्या. पण घाबरल्या वेगळ्याच गोष्टीला. "घरखर्चातून नाही हं आणलं," त्या घाईने म्हणाल्या. "माझ्या पैशांतून आणलंय. हॉटेलात वापरतो तेच आहे. महाग असतं, म्हणून तुला बोलले नाही. तू म्हणाली असतीस, कशाला उगीच." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी दोरीवरची वाळलेली घडी ओढली आणि माझ्या गालाला लावली. "बघ. बघ आता. लोण्यासारखी झाली की नाही?"

खरंच झाली होती. तोंडातले शब्द तिथेच अडकले. तापलेल्या डोक्याच्या बाईच्या गालाला अशी घडी लावली तर ती भांडणार कशी? मी त्यांचा हात धरून त्यांना ओट्याशी आणलं आणि पुन्हा चमच्याने पाणी टाकलं.

थेंब उभा राहिला. सासूबाई वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी बोटाने तो थेंब इकडून तिकडे ढकलला. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हा तर टॉवेल झाला," त्या हळूच म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "पाहुण्यांचा टॉवेल. अगं, स्वयंपाकघराच्या फडक्यांना आम्ही याचा थेंब लावत नाही. मऊ केलं की फडकं पाणी पीत नाही. नवीन पोरगी कामाला आली की पहिल्या दिवशी मीच सांगते तिला. पाहुण्यांचा टॉवेल वेगळा, पुसायचं फडकं वेगळं. एकत्र केलंस तर हात तोडीन म्हणते."

"मग तुम्हालाच कसं सुचलं नाही, आई?" माझा आवाज चढलाच. "महिनाभर हा भिजतोय. माझी नोकरी चाललीय!"

"लंगोटाला फडकं कसं म्हणू गं मी?" त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुझा नवरा झाला तेव्हा मी नुकतीच कामाला लागले होते. त्याला गुंडाळायला घरात धड कपडा नव्हता. लॉन्ड्रीत स्वयंपाकघराची जुनी फडकी टाकून द्यायचे, ती मी मागून आणायची. कितीही धुतली तरी काथ्यासारखी. दिवसभर हातात लोकांचे मऊ टॉवेल, आणि घरी येऊन पोराला ती फडकी. एक टॉवेल उचलून आणला असता तर कुणाला कळलंसुद्धा नसतं. नाही आणला. तेव्हा ठरवलं होतं, ह्याला जे पोर होईल ना, त्याला पाहुण्यांसारखं ठेवीन." त्यांनी पदराने नाक पुसलं. "त्या फडक्यांतून एक थेंब गळला नाही कधी. तेही आत्ताच आठवतंय बघ."

मी तिथेच जमिनीवर बसले, त्यांच्या पायाशी. राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच वाटत होतं की बरं झालं ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं नाही.

"आणि घरी राहा म्हणालात ते?" मी विचारलं. एवढं विचारल्याशिवाय मला राहवलं नसतं.

"मला घरी राहता आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुला आवडेल."

"मला काचा बसवायला आवडतं, आई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग उठल्या, पदर खोचला आणि मोठं पातेलं गॅसवर चढवलं. "पाणी उकळू दे. लॉन्ड्रीत एखादं फडकं चुकून टॉवेलात गेलं की आम्ही असंच उतरवतो. गरम पाणी, थोडी पावडर, आणि खळबळत राहायचं. पाण्यावरचा तेलकटपणा जाईपर्यंत सोडायचं नाही. चड्ड्या बाजूला ठेव, त्या उकळत्या पाण्यात चालणार नाहीत."

नवरा आला तेव्हा स्वयंपाकघरात वाफच वाफ होती आणि आम्ही दोघी घामाघूम. "गळती सापडली?" त्याने विचारलं.

"सापडली," मी म्हटलं. "जोडात नव्हती. माया जास्त झाली होती." आणि त्याला सगळं सांगितलं, फडक्यांसकट. तो ओला झालेला ओटा उगीचच पुसत राहिला. मग आईकडे बघून म्हणाला, "मला तर काही खरखरीत आठवत नाही."

"कसं आठवेल? गेंड्याची कातडी झालीय तुझी," मी म्हटलं, आणि सासूबाई डोळे पुसता पुसता हसल्या.

रविवारी दिवसभर घड्या उन्हात होत्या. संध्याकाळी सासूबाईंनी प्रत्येक घडीवर स्वतः चमचाभर पाणी टाकून बघितलं. घड्यांनी ते गटागटा पिऊन टाकलं. "खरखरीत झालं गं पुन्हा," त्या कष्टी होऊन म्हणाल्या, पण घड्या त्यांनीच चड्ड्यांत खोचून ठेवल्या.

सोमवारी मी ढोल्याला आणायला गेले तेव्हा ताई दारातच उभ्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे न बघता आधी अंगणातल्या दोरीकडे बघितलं. गादी दोरीवर नव्हती. "झोपलाय अजून," ताई म्हणाल्या. "कोरडा आहे. मी चारदा हात लावून बघितलं, माझाच विश्वास बसेना."

निळ्या झाकणाची बाटली अर्धी उरली होती. एवढी महागाची वस्तू, ओतून कोण देणार? सासूबाई ती हॉटेलात नेऊन देणार होत्या. मी म्हटलं, राहू द्या.

त्यांचा स्वतःचा टॉवेल मी इतकी वर्षं खिळ्याला टांगलेला बघत होते. विरून त्याची जाळी झालेली, वाळला की पत्र्यासारखा ताठ, हलवला तर आवाज यायचा. तो त्या अंगाच्या साबणानेच धुवायच्या. त्या बाटलीतला मऊपणा आपल्यासाठी नाही, असं त्यांच्या मनाने कधीच ठरवून टाकलं होतं.

एक तारखेला मी लवकर उठले. ढोल्याला पाळणाघरात सोडायला म्हणून सासूबाईंनी दुपारची पाळी मागून घेतली होती. त्या आंघोळीला निघाल्या आणि खिळ्याकडे हात नेऊन थांबल्या. तिथे नवा टॉवेल होता. जाड, पांढरा. तो मी विकत आणला होता आणि त्यांच्या पद्धतीने धुतला होता, पाहुण्यांच्या पद्धतीने, काठाला काठ जुळवून.

"हा कुणाचा?"

"तुमचा."

"मी काय हॉटेलात उतरलेय?"

"उतरलात असं समजा," मी वेणी घालता घालता म्हटलं.

त्या पुटपुटत आत गेल्या. मी डबा भरला, ढोल्याची पिशवी भरली, नवऱ्याला त्याचा पाना शोधून दिला. एवढ्यात त्या बाहेर आल्या. केसांतून पाणी गळत होतं, हात ओले, मान ओली. "काही टिपत नाही गं हा," त्या तणतणल्या. "अंगावरचं सगळं पाणी तसंच राहिलं. माझा जुनाच बरा होता."

पण जुना समोरच खिडकीच्या गजावर टांगलेला होता आणि त्यांनी त्याला हात लावला नाही. नव्या टॉवेलात दोन्ही हातांनी तोंड दाबून त्या तशाच उभ्या राहिल्या. मी दारात थांबले होते.

"जा आता," त्या टॉवेलाच्या आतूनच म्हणाल्या. "पहिल्या दिवशी उशीर करू नकोस."